करवती काठाचा पट्टा

"काही नाही करत हो तो. लाडात आला आहे जरा."

हे वाक्य मला उद्देशून नव्हतं. मैदानाच्या पलीकडच्या बाकावर बसलेले एक साहेब शेजारच्या गृहस्थांना सांगत होते. 'तो' म्हणजे त्यांचा ब्रूनो. बर्फाच्या मुलखातला, निळ्या डोळ्यांचा, दाट पांढऱ्या केसांचा हस्की; नागपुरात एसीमध्ये राहणारा. त्या वेळी तो माझ्या बुटांचा वास घेऊन गुडघ्यापर्यंत पोचला होता. मी कडुलिंबाच्या खोडाला पाठ टेकून, दोन्ही हात छातीशी घेऊन उभी होते. चेहऱ्यावर हसू होतं. मला भीती वाटली की हसू येतं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, मुलगी मजेत आहे.

तेवढ्यात माझ्या घरमालकीणबाई मैदानात आल्या. मी त्यांना काकू म्हणत असे. त्यांनी आधी आपला म्हातारा कुत्रा कुंपणाच्या खांबाला बांधला, गाठ ओढून पाहिली, मग संथपणे चालत येऊन माझ्या आणि ब्रूनोच्या मध्ये उभ्या राहिल्या. खांद्यावरच्या कापडी पट्ट्यांच्या जुडीतून एक काढला, ब्रूनोच्या गळपट्ट्याला कडी अडकवली आणि त्याला चालवत बाकापर्यंत घेऊन गेल्या. त्या पट्ट्याचं दुसरं टोक साहेबांच्या हातात ठेवलं.

"साहेब, पट्टा घरी इसरला वाटते तुमचा. हा घ्या. वापस नाही देला तरी चालते."

"अहो काकू, तो खरंच काही करत नाही."

"हौ ना. मी कुठं म्हटलं करते म्हणून? तो काही करत नाही हे त्याले ठाऊक आहे, तुमाले ठाऊक आहे. बाकीच्यायले कोणं सांगितलं?"

साहेब हसले. त्यांच्याशी कोणी भांडत नसे, कारण ते स्वतः कोणाशी भांडत नसत. शिवाय मैदानातली सगळी बाकं त्यांनीच दिली होती. काकू परत आल्या, कुंपणापाशी जाऊन कुत्रा सोडवला, त्याला माझ्यापासून दूरच्या बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "चाल वं पोरी. भाजीवाला निंगून जाईन."

वाटेत त्यांनी मला एक अक्षर विचारलं नाही. घाबरलीस का, चक्कर येते का, पाणी देऊ का, काही नाही. वांग्यांवर बोलत राहिल्या.

मी सावनेरची. वडील कोळशाच्या खाणीत नोकरीला, शाळा इंग्रजी माध्यमाची, स्वभाव मुळात अबोल. माझ्या मनात वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं. त्याचं मराठी करून तोंडापर्यंत येईस्तोवर समोरच्यांचा विषय बदललेला असतो. पहिली नोकरी नागपुरात लागली आणि धरमपेठेतल्या या काकूंची वरची खोली मी भाड्याने घेतली. खोली पाहायला गेले त्या दिवशी फाटकाच्या आत पाऊल टाकलं, तर व्हरांड्यात फाटकाशेजारीच तो कुत्रा पडलेला. मी जागच्या जागी थांबले. अर्थात हसले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. खरं म्हणजे माझ्या गळ्याकडे पाहिलं. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं शिवणक्लास चालवण्यात घालवली होती, त्यामुळे माणूस भेटला की त्यांची नजर आधी त्याच्या गळ्यावर जाई. ओळख नंतर. पुढे मला कळलं की गल्लीतल्या कितीतरी पुरुषांना काकूंसमोर उभं राहिलं की उगाच शर्टाचं वरचं बटण लावावंसं वाटे. त्या दिवशी माझ्या गळ्यात त्यांना काय दिसलं ते ठाऊक नाही. कदाचित गिळलेला आवंढा दिसला असेल.

सामान घेऊन राहायला आले तेव्हा कुत्रा फाटकापाशी नव्हता. त्याला बांधायची भिंतीतली कडी उखडून ती मागच्या बाजूला, पेरूच्या झाडाजवळ ठोकलेली होती.

"फाटकापाशी ऊन येते त्याले," काकू म्हणाल्या, "म्हणून हलवला."

मला ते पटलं. उन्हाळा आला तेव्हा लक्षात आलं, की ऊन येतं ते पेरूच्या बाजूला. फाटकाच्या बाजूला दिवसभर सावली असते. पेरूखाली मग काकूंनी गोणपाटाचा आडोसा केला, पण कडी परत नेली नाही.

कुत्र्याचं नाव पाहुणा. एका पावसाळ्यात दोन दिवसांसाठी आला आणि राहिला, म्हणून पाहुणा. मी पाहिला तेव्हा तो फार म्हातारा झाला होता. मागचा एक पाय ओढायचा, डोळ्यांत मोतीबिंदू, दात मोजके. ज्वारीची भाकरी दुधात भिजवून, वर चमच्याने रगडून दिली तर खायचा. सकाळी काकू बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणत, तेवढा वेळ तो उंबऱ्याबाहेर डोकं टेकून पडे. शेवटचं 'साधु, साधु, साधु' ऐकलं की उठे. असा हा कुत्रा. गल्लीत सर्वांत निरुपद्रवी. आणि अख्ख्या गल्लीत कायम पट्ट्यात असणारा हा एकच.

फाटकाबाहेर पडताना काकू पट्टा हाताला दोन वेढे देऊन धरत. समोरून कोणी आलं की आणखी एक वेढा. वळणावर दिसत नसे, म्हणून आधी पुकारा करत, "येऊन राहिलो गाऽ, कुत्रा आहे!" गाडी फलाटावर यायच्या आधी सांगतात ना, तसं. घरातही तेच. मी जिन्यात असेन नि त्यांना पाहुण्याला अंगणातून न्यायचं असेल, तर खालून हाक येई, "वरच्या पोरी, आमी निंगून राहिलो!" मी जिन्यात थांबे. पाहुणा पाय ओढत जाई. फाटक वाजे. मग मी उतरे. या व्यवस्थेबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

मुळात त्या घरात सुटं असं काही नव्हतंच. काकूंचा चष्मा गळ्यात दोरीने, किल्ल्या कमरेला, कात्री मशीनला, लायटर गॅसच्या ओट्याला, टीव्हीचा रिमोट पलंगाच्या पायाला. रिमोटची दोरी आखूड असल्यामुळे वाहिनी बदलायची तर पलंगावर आडवं व्हावं लागे. "जे सुटते ते हरवते," असं त्यांचं म्हणणं. मला दिलेली किल्लीही करवती काठाच्या एका पट्टीला शिवलेली होती.

करवती काठ म्हणजे आपल्या विदर्भातल्या हातमागाच्या साड्यांना असतो तो, करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेला. शिवणक्लासला बायका जुन्या साड्या आणत, त्यांची झबली, गोधड्या, फ्रॉक शिवत, आणि काठ उरत. साडी विरते पण काठ विरत नाही. काकूंनी ते पेट्या भरभरून साठवले होते. क्लास बंद झाल्यावर त्या तिहेरी काठ मशीनवर शिवून त्यांचे कुत्र्यांचे पट्टे करू लागल्या. टोकाला हार्डवेअरच्या दुकानातली कडी. हे पट्टे खांद्यावर टाकून त्या सकाळ-संध्याकाळ मैदानात जात आणि ज्याचा कुत्रा मोकळा दिसेल त्याला एक देत. "पट्टा का नाही आणला?" असं त्यांनी कधीच कोणाला विचारलं नाही. नेहमी "घरी इसरला वाटते." माणसाला चुकीचा म्हणायचं नाही, विसराळू म्हणायचं. विसराळू म्हटल्यावर कोणाला राग येत नाही.

त्यामुळे आमच्या भागात एक वेगळंच दृश्य असे. गुबगुबीत लॅब्रॅडॉर, केसाळ पामेरियन, दुकानातून पिशवीत बसून आलेला एक पग, सगळे लाल-हिरव्या करवती काठात. लग्नाला निघाल्यासारखे. काही लोक घरी गेल्यावर पट्टा फाटकाला टांगून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुत्रा मोकळा आणत. काकू दुसरा पट्टा देत. "दोन झाले. एक धुण्यात असला की एक राहीन." ब्रूनोच्या साहेबांना किती पट्टे मिळाले असतील देव जाणे. ते दर वेळी आभार मानून खिशात घालत.

काकूंच्या दुसऱ्या हातात खुरपं असे. पाहुणा शी करायला बसला की त्या शांतपणे शेजारी उभ्या राहत, मग जुन्या वर्तमानपत्रात सगळं उचलून मैदानाच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरत. एकदा कॉलेजची पोरं हसली. काकूंनी खुरपं वर केलं. "हसता काहून? घरचंच आहे. तुमचं तुमच्या मायनं उचललं तवा ती हसली होती का?" त्यातल्या एकाने नंतर खड्डा करून दिला.

म्हणजे काकू गोड होत्या असं नाही. पाण्याची मोटार दोन मिनिटं जास्त चालली तरी जिन्याखालून आरडाओरडा. माझं पार्सल आलं की हातात घेऊन, हलवून, अंदाज सांगितल्याशिवाय देत नसत. कूलरमध्ये पाणी भरायला मी विसरले तर आठवडाभर ऐकवत. आणि स्वतःचं चुकलं असं त्यांनी एकदाही कबूल केलेलं मी ऐकलं नाही. "तवा तेच बरोबर होतं," एवढंच म्हणत.

पण या सगळ्यात एक गंमत होती, आणि पुढे तीच महागात पडली. लोकांनी काकूंच्या पट्ट्याचा अर्थ उलटा लावला होता. बांधलेला आहे, म्हणजे चावरा असणार. मोकळा आहे, म्हणजे गरीब असणार. दूधवाला फाटकाबाहेरूनच पिशवी देई. "एवढा जपून बांधता काकू, म्हणजे लय डेंजर असन!" काकू म्हणत, "हौ, भल्ला डेंजर. काल भाकरीनं त्याले हरवलं." दूधवाल्याला विनोद कळला नाही. त्याने पुढच्या चार घरांत सांगितलं. अशा रीतीने, तोंडात जेमतेम दात असलेला पाहुणा हा आमच्या भागातला सर्वांत भयंकर कुत्रा ठरला, आणि लहान मुलं ब्रूनोकडे धावत जाऊ लागली.

मार्च संपता संपता नागपूरचं ऊन सुरू होतं. डांबर सकाळी आठलाच तापतं. पाहुण्याच्या पायांचे तळवे आधीच भेगाळलेले. गल्लीत त्याला दहा पावलं चालवलं की तो थांबे आणि एकेक पाय उचलून धरे. मैदानातलं गवत ही त्याची एकमेव जागा. फाटकापासून मैदानापर्यंतचा रस्ता ओलांडायला काकू ओलं पोतं घेऊन जात. पसरत, त्याला त्यावर उभं करत, मग पोतं पुढे. लोक थांबून पाहत. काकूंना लोकांचं काही नसे.

त्याच दिवसांत मैदानात हास्य क्लबातल्या एक आजी पडल्या. मनगट मोडलं. मी होते तिथे. ब्रूनो चेंडूमागे धावत आला, आजींच्या साडीत शिरला आणि आजी खाली. साहेबांनी धावत येऊन त्यांना उचललं, स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, संध्याकाळी फळांची करंडी घेऊन घरी भेटायला गेले. खरंच चांगले गृहस्थ. इतके चांगले, की संध्याकाळपर्यंत आजीच सांगू लागल्या, "माझंच लक्ष नव्हतं." मग प्रश्न उरला: पडल्या कशामुळे? कुत्र्यामुळे. कोणत्या? दोन दिवसांत वस्तीने उत्तर शोधून काढलं. चावरा तर एकच आहे. तो बांधलेला.

मैदान समितीचा निरोप सगळ्यांच्या फोनवर आला. रविवारी सकाळी मैदानातल्या ओट्यावर सभा. विषय: मैदानात कुत्र्यांना बंदी.

काकूंनी निरोप माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग पाहुण्यासाठी भिजवलेली भाकरी बराच वेळ रगडत बसल्या. तिचा पार लगदा झाला तरी चमचा थांबेना.

"बंदी झाली तर?" मी विचारलं. माझ्यासाठी हे मोठंच वाक्य होतं.

"मंग याले कुठं नेऊ वं मी? गच्चीवर?" त्यांनी पाहुण्याच्या भेगाळलेल्या तळव्याला खोबरेल लावलं. तो झोपेत गुरगुरला. "अजून दोन-तीन महिने तरी ऊन राहीन. घरात बसून बसून हा मरते, मी सांगते तुले."

मला म्हणायचं होतं की मी सभेत बोलेन. वाक्य इंग्रजीत तयार झालं. तोवर काकूंनी पलंगावर आडवं होऊन मालिका लावली होती.

सभेला इतकी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. हास्य क्लब आटोपून सगळे सतरंज्यांवर बसले. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, नीटनेटके, कमी बोलणारे. पुढच्या रांगेत झोळीत हात अडकवलेल्या आजी. त्यांच्या शेजारी ब्रूनोचे साहेब. काकू एका बाजूला उभ्या, हातात पट्टा, पट्ट्याच्या टोकाला पाहुणा आडवा झालेला. त्याच्या आजूबाजूची सतरंजी लोकांनी चांगली चार हात मोकळी सोडली होती. मी मागे, ओट्याच्या खांबाआड.

सुरुवात साहेबांनीच केली. म्हणाले, नियम सर्वांना सारखा, समितीने बंदी केली तर मी आनंदाने मान्य करीन, ब्रूनोला रोज गाडीतून फार्महाऊसवर नेईन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतका समजूतदार माणूस!

"काकू, तुमचं काही म्हणणं?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझ्याकडे गाडी नाही, अन फार्महाऊस बी नाही," काकू म्हणाल्या. "बंदी कराचं कामच काय? पट्टा लावा म्हणा. झालं."

मागून कोणीतरी ओरडलं, "चावरा आहे म्हणूनच तर बांधून ठेवता ना काकू?"

"याच्या तोंडात दात किती आहे ते येऊन पाह्य, बाप्पा. चावाचं म्हटलं तर तुलेच त्याले मदत करा लागन."

हशा झाला. अध्यक्षही हसले, पण लगेच गंभीर झाले.

"मग बांधता कशासाठी?"

"त्याच्यासाठी नाही बांधत. लोकायसाठी बांधते. भेव वाटते लोकायले."

"कोणाला?" अध्यक्षांनी चष्मा काढला. "काकू, मी इतकी वर्षं या समितीत आहे. मला कुत्र्याची भीती वाटते, असं एकाही माणसाने मला येऊन सांगितलेलं नाही. भीती कोणालाच नसेल तर पट्ट्याचा नियम कशाला? आणि कुत्री खरंच धोक्याची असतील तर पट्ट्याने काय होणार, बंदीच हवी. तुम्ही एक नाव सांगा. एक."

माणसं फोनकडे पाहू लागली. अध्यक्षांनी आजींकडे पाहिलं. आजींनी झोळी सावरली. "जाऊ द्या हो. माझंच लक्ष नव्हतं."

काकूंना एक नाव ठाऊक होतं. मी खांबाआड होते तरी माझी ओढणी दिसत असणार. त्यांनी नुसता हात केला असता तरी पुरे होतं. त्यांनी पाहुण्याकडे पाहिलं, कडुलिंबाकडे पाहिलं, अध्यक्षांच्या गळ्याकडे पाहिलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

"नाव नाही सांगत मी," त्या म्हणाल्या. "ज्याचं भेव त्याचं. मी कोण वाटणारी?"

"मग ठराव मताला टाकतो," अध्यक्ष म्हणाले.

हात वर होऊ लागले. पुढच्या रांगेतून सुरू होऊन मागे येत होते. काकूंच्या हातातला पट्टा मी पाहिला. त्यांनी त्याला आणखी एक वेढा दिला होता, समोरून कोणी येत असल्यासारखा, आणि इतका घट्ट की बोटं पांढरी पडली होती. या बाईने माझी भीती एवढे महिने झाकून ठेवली होती, माझ्यासाठी भिंतीतली कडी उखडली होती, आणि आता ती हरत होती. माझं नाव घेतलं असतं तर जिंकली असती.

मी उभी राहिले.

"मला," मी म्हटलं.

"कोण बोललं?"

"मला वाटते."

"काय वाटते? जरा मोठ्याने."

"भीती. कुत्र्यांची."

सगळ्या माना वळल्या. हात होते तिथे अर्धवट थांबले.

पुढचं आधी सांगून टाकते, कारण ते आठवलं की मला अजून ताठ बसावंसं वाटतं. माझ्यानंतर व्यायामशाळेतला एक दणकट दादा उठला. "मले बी वाटते. म्हणून तर मी बाहेरच्या रोडनं पळतो, लोकायले वाटते स्टॅमिना आहे." मग कडेवर मूल घेतलेली एक बाई. मग एक आजोबा, ते हास्य क्लबात कायम भिंतीला पाठ लावूनच का हसतात ते तेव्हा कळलं. मग आजी झोळीसकट उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लक्ष होतं माझं. तो पांढरा आला अंगावर. अन मोकळा होता." साहेबांचे कान लाल झाले. तेही उठले. "मला कधी कोणी सांगितलंच नाही," म्हणाले, आणि ते खरं होतं. नंतर आवाज खाली आणून, "म्हणजे काकूंनी सांगितलं होतं." मग खिशात हात घालून लाल-हिरवा पट्टा काढला. हशा पिकला, पण चांगला. बंदीचा ठराव पडला. आज मैदानाच्या फाटकावर पाटी आहे: कुत्रा पट्ट्यात आणा, त्याची घाण तुम्हीच उचला. पाहुण्याने तो अख्खा उन्हाळा आणि पुढची दिवाळी त्या गवतावर काढली. ब्रूनो करवती काठात फिरतो. आणि त्या रविवारी काकू पाहुण्याला घेऊन मैदानाच्या मधोमध चालत निघाल्या, वरातीच्या चालीनं, आणि माणसं दोन्ही बाजूंना उभी राहून पाहुण्याला वाट देत होती. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "एवढा आवाज होता तुह्याजवळ! अन मले वाटे पोट्टीचा गळाच बारीक आहे."

पण हे सगळं नंतर झालं. त्याआधी, सगळ्या माना वळलेल्या असताना, अध्यक्षांनी मला प्रश्न विचारला, आणि अगदी सहानुभूतीने विचारला, "तुम्हाला कधी चावला होता का?"

हाच प्रश्न. लहानपणापासून लोक हाच विचारत आले. चावला होता का, मागे लागला होता का, लहानपणी काही झालं होतं का. मला काहीच झालेलं नाही. माझ्या भीतीला गोष्ट नाही. आणि गोष्ट नसलेल्या भीतीचा माणसाला हक्क नसतो, असं मी धरून चालले होते. म्हणून हसत होते, रस्ता बदलत होते, जिन्यात थांबत होते. आताही "हो" म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. एक खोटा कुत्रा, एक खोटी जखम, लोकांनी लगेच मान्य केलं असतं.

वाक्य या वेळी मराठीतच तयार झालं होतं. माझ्या आणि अध्यक्षांच्या मध्ये अख्खी सभा होती, म्हणून मी ते मोठ्याने म्हटलं.

"नाही. मला कुत्रा कधीच चावला नाही. तरी मला भीती वाटते. आणि मी रोज या कुत्र्याच्या घरात राहते, कारण काकू त्याला धरून ठेवतात. बंदी करू नका. पट्टा लावा, म्हणजे तोही येईल आणि मीही येईन."